पोखर्णी फाट्यापर्यंत

९ नोव्हेंबर, रविवार

काल परभणीला एक दिवसाच्या प्रशिक्षणाला गेलो होतो. विषय होता, लहान धंद्याला सोशल मीडियाचा फायदा. शिकवायला राजेश्री मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, रोज काय टाकलं, किती जणांनी बघितलं आणि त्यातून दुकानात कोण आलं, हे एका वहीत लिहीत चला. आज ही वही घेतली. दोनशे पानी, एकेरी रेघांची.

मॅडमचं बोलणं इथे उतरवून ठेवतो. लोक जिथे आहेत तिथे आपण जायचं. आपण विकायला बसलोय असं दिसू न देता लोकांच्या उपयोगाचं काहीतरी द्यायचं. आणि जो सगळ्यात आधी पोचतो त्याचंच नाव लक्षात राहतं. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. मीही दोनदा लिहिलं होतं, नंतर एक खोडलं.

माझं दुकान पालमला, बसस्थानकासमोर. अक्षर डिजिटल. वाढदिवसाचे, लग्नाचे, निधनाचे बॅनर मी कॉम्प्युटरवर तयार करतो, ते छापून गंगाखेडहून येतात. दहावीला गणित आणि इंग्रजीत दोनदा राहिलो. पण परभणीच्या एका छापखान्यात तीन वर्षं मुद्रितं तपासली आहेत, त्यामुळे माझ्या बॅनरवर चूक सापडत नाही. चूक नाही म्हणून गिऱ्हाईक येतं असं मात्र नाही. हे कळायला आठ महिने लागले.

माझा थोरला भाऊ महारुद्रदादा काल जेवताना म्हणाला, "पाडव्यापर्यंत बघू. न्हाई जमलं तर दुकान बंद कर अन् माझ्यासंगं कारखान्यावर चल. ट्रॅक्टरवर माणूस पायजेच हाय." तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. उसाच्या ट्रॅक्टरवर मी एक हंगाम काढला आहे. नंबर लागेपर्यंत दोन-दोन दिवस ट्रॉलीच्या सावलीत बसून राहायचं. तिथे माझ्या हातांना काही काम नसायचं, ट्रॉलीवरची अक्षरं बोटाने पुन्हा पुन्हा गिरवत बसायचो. दादाला हे सांगितलेलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पाच दिवसांत पाच डिझाइन फेसबुकच्या पेजवर टाकली. व्हॉट्सॲपच्या स्टेटसलाही लावली. स्टेटसखाली कोणी किती वाजता बघितलं ते दिसतं. आज एकूण अकरा जण. पहिली निकिता, सकाळी ७.४२.

निकिता आमच्या गावच्या बिरूआबांची मुलगी, माझ्या मित्राची, गोपाळची बहीण. दहावीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो. तिला जिंतूरकडे दिली आहे, दोन वर्षांची मुलगी आहे, नवरा पुण्याला कंपनीत. ती बहुतेक रोज पहिलीच असते. त्यात विशेष काही नाही, सासरी तिला सकाळी थोडी फुरसत मिळत असेल.

दुकानात कोणी आलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शेजारच्या गल्लीतले म्हातारे वारले. त्यांचा नातू आला, म्हणाला, फ्लेक्स नको, मोबाईलवर फिरवायला एक चित्र करून दे. करून दिलं. म्हाताऱ्यांच्या फोटोतला मागचा गोठा पुसला, गळ्यापासून खाली पांढऱ्या शर्टाचं अंग जोडलं, हार घातला, खाली मातीची वेळ आणि ठिकाण लिहिलं. कोपऱ्यात अगदी लहान अक्षरांत दुकानाचं नाव आणि नंबर. पैसे घेतले नाहीत. माझ्या पेजवरही टाकलं.

संध्याकाळपर्यंत दोन हजार तीनशे लोकांनी बघितलं. नातू सांगत होता की अहमदपूरचे पाहुणे ते बघूनच निघाले आणि माती सापडली त्यांना.

लोकांच्या उपयोगाचं, मॅडम म्हणाल्या होत्या ते हेच.

३० नोव्हेंबर, रविवार

आठवड्यात चार निधनं टाकली. चारही फुकट. त्या चार घरांतून गंधमुक्तीचे, म्हणजे तेराव्याचे, तीन बॅनर मिळाले, शिवाय एका लग्नाचं काम.

गोपाळ दुकानात आला होता. भिंतीवर चिकटवलेले चार नमुने बघून म्हणाला, "अबे, यमाचा कारकून झालास की तू."

मी म्हणालो, काम काम आहे.

"तसं न्हाई, पण आमच्या आबाकडं बघून जीभ चाटू नको म्हणजे झालं. त्याला नुस्ता खोकला हाय."

दोघंही हसलो.

१८ डिसेंबर, गुरुवार

पेजला चार हजार लोक जोडले गेले. आता फोन करून बातमी सांगतात. बहुतेक जण आधी मला कळवतात, मग भटजीला.

गंगाखेडचा सिद्धोधन, ज्याच्याकडे माझं छापून होतं, त्यानेही हेच सुरू केलं आहे. आज फोनवर म्हणाला, "रामप्रसाद, काल पालमच्या माणसाचं मी तुझ्याआधी टाकलं बघ. तू काना-मात्रा तपासत बसलास, तवर माणूस जळून गेला."

मी म्हणालो, "तू आडनाव चुकवलंस."

"आडनाव कोन बघतंय? लोक पयलं कोन ते बघतेत."

माझं बावीस मिनिटं उशिरा गेलं होतं. मी मोजलं. त्याच्या चित्राखाली सहाशे लोकांनी लिहिलं, माझ्याखाली नव्वद. आडनाव माझंच बरोबर होतं.

आजपासून तीन कोरी चित्रं तयार ठेवतो. पुरुष, स्त्री, तरुण. फक्त चेहरा आणि नाव घालायचं राहील.

११ जानेवारी, रविवार

संक्रांतीच्या शुभेच्छांची नऊ कामं. बसायला दुसरी खुर्ची आणली. निकिता काल आणि आज पहिली नव्हती. काल चौथी, आज सातवी. पण दोन्ही दिवस अंगठा दिला.

२ फेब्रुवारी, सोमवार

बिरूआबांना नांदेडला ॲडमिट केलं आहे. खोकला नव्हता, फुप्फुसाचं काहीतरी आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

नांदेडला भेटून आलो. आबा उशीला टेकून बसले होते. नाकात नळी होती, तरी बोलत होते. आयुष्यभर मेंढरांमागे हिंडलेला माणूस, कॉटवर चार फुटांत मावल्यासारखा दिसत नव्हता.

मला बघून म्हणाले, "आला का फोटूवाला. गोपाळ, आपला नंबर लागला बघ."

गोपाळ ओरडला, "आबा, गप ऱ्हाय."

"अरं, काढू दे की. पर ते दाढीचं बघ बरं का रामप्रसाद. मेंढरागत दिसाया नको मी."

चांगुणामावशी, म्हणजे गोपाळची आई, कोपऱ्यात चहाचा कप धरून होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. हसल्या की काय ते कळलं नाही.

आबांनी मग निकिताचं विचारलं. गोपाळ म्हणाला, पोरीला ताप आहे, रविवारी येते म्हणाली. आबा म्हणाले, "घाई न्हाई. मी कुठं जायलाव."

बाहेर आल्यावर गोपाळने सांगितलं की डॉक्टरांनी आठ दिवस सांगितले आहेत.

८ फेब्रुवारी, रविवार

निकिताला येता आलं नाही. मुलीचा ताप उतरला नाही.

गोपाळकडून आबांचा एक फोटो मागवून घेतला. कशासाठी ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मेंढरांच्या वाड्यापुढे उभे आहेत, डोळे उन्हाने बारीक झालेले. चार तास काम केलं. आबांनी सांगितलं होतं म्हणून दाढी पुसून टाकली. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या थोड्या कमी केल्या, रंग उजळला. हार पांढऱ्या शेवंतीचा घेतला, नेहमीचा झेंडूचा नाही. निकिताला शेवंती आवडते, शाळेत स्नेहसंमेलनाला ती शेवंतीची वेणी घालायची. मजकूर चार वेळा तपासला. तारखेची आणि वेळेची जागा मोकळी ठेवली.

माझ्या आजवरच्या कामांतलं हे सगळ्यात चांगलं आहे. जिवंत माणसाचं करून ठेवलं म्हणून थोडं वाईट वाटतं. पण ऐन वेळी घाईत केलं आणि वाईट झालं तर ते जास्त वाईट.

११ फेब्रुवारी, बुधवार

१०.४० ला गोपाळचा नांदेडहून फोन. बिरूआबा गेले. साडेदहाला.

गोपाळ रडत नव्हता, भराभरा बोलत होता. "लाकडाचं तू बघ. आमी दोनपर्यंत गावात येतोत. मायला कालच घरी धाडलंय, तिला काही सांगू नको, मीच येऊन सांगतो. निकीला तिच्या दिराकडून सांगितलंय, आबा बेजार हाय, लवकर ये म्हणून. तो बसवून देईल तिला. माती चारला."

१०.५२ ला पेजवर आणि स्टेटसला टाकलं. फक्त तारीख आणि वेळ भरायची होती. सिद्धोधनच्या अठ्ठावीस मिनिटं आधी.

टाकण्यापूर्वी नीट विचार केला होता. चांगुणामावशींचा फोन बटणांचा आहे, त्यात काही दिसत नाही. गावात शेजारच्या दोन घरांत फोन करून सांगितलं की मावशींसमोर मोबाईल काढू नका. मग गावात गेलो, लाकडाचं आणि गोवऱ्यांचं बघितलं.

१२.३० : बाराशे जणांनी बघितलं. दोनशे जणांनी पुढे पाठवलं. पालमचे सगळे पुढारी, कारखान्यावरचे लोक, मुंबईला गेलेले. सगळे चित्राचं नाव काढत आहेत. निकिताने अजून बघितलेलं नाही. बघेल तेव्हा तिला कळेल की आबांचं काम मी मनापासून केलं.

१.१४ : निकिताने बघितलं. अंगठा दिला नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

काल लिहिता आलं नाही.

झालं ते क्रमाने लिहितो. निकिता जिंतूरहून निघाली, परभणीला तिने बस बदलली. गंगाखेडला तिचा चुलत मामा मोटारसायकल घेऊन थांबला होता. बस आली, ती बसमध्ये नव्हती. फोन बंद. कंडक्टर संध्याकाळी परतीच्या फेरीला भेटला तेव्हा म्हणाला, एक बाई लेकरू घेऊन पोखर्णी फाट्यावर उतरली. तिकीट गंगाखेडचं होतं, त्याने ताई हे पोखर्णी आहे म्हणून सांगितलं, तरी उतरली.

इकडे माती चारची होती. साडेपाचपर्यंत थांबवली. दिवस बुडायला आला तेव्हा मोठी माणसं म्हणाली, आता ठेवता येणार नाही. गोपाळने अग्नी दिला.

निकिता सापडली तेव्हा सव्वासहा वाजले होते. फाट्यावरच्या निवाऱ्यात बसून होती. मुलगी मांडीवर झोपलेली. तिला आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तोंड बघायला मिळालं नाही.

आमच्याकडे दुसऱ्या गावी दिलेल्या लेकीला मेल्याचं सांगत नाहीत. बेजार आहे, लवकर ये, एवढंच सांगतात. ती सांभाळून येते. वेशीजवळ बाया सामोऱ्या जातात, तिला दोन्हीकडून धरतात आणि मग घरात नेतात. मला हे लहानपणापासून माहीत आहे. चांगुणामावशींच्या शेजारची दोन घरं मला आठवली आणि हे आठवलं नाही.

कोणी मला बोललं नाही. गोपाळ भेटला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझ्यामुळं लय माणूस आलं रे मातीला. आबाला एवढं माणूस, इस्वास बसना."

१६ फेब्रुवारी, सोमवार

आबांचं चित्र अकरा हजार लोकांनी बघितलं. एवढं आजवर कोणतंच गेलं नव्हतं. तीन दिवसांत पेजला नऊशे नवे लोक जोडले गेले. सकाळपासून दुकानात सात गिऱ्हाइकं. एकजण म्हणाला, बिरूआबांचं केलं तसं करून दे, शेवंतीचं.

सगळी कामं घेतली. नाही म्हणायचं कारण मला सांगता आलं नसतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

चित्र काढून टाकायचं ठरवलं. गोपाळला विचारायला त्याच्या घरी गेलो. निकिता आत होती, बाहेर आली नाही.

ओसरीवर चांगुणामावशी बसल्या होत्या आणि गोपाळची बायको शिवकन्या त्यांना मोबाईलमधून वाचून दाखवत होती. लोकांनी चित्राखाली लिहिलेलं. "हे बघा आत्या, पालमचे डॉक्टर. म्हंतेत, लय इमानदार मानूस होता."

"अजून वाच," मावशी म्हणाल्या.

"हे मुंबईचं. वळखू येईना कोन हाय ते."

"आसू दे. वाच. त्यानं कायी लिवलं आसंल."

शिवकन्या मला म्हणाली, रोज संध्याकाळी वाचावं लागतं, त्याशिवाय त्या जेवत नाहीत. चारशे झाले, अजून येतातच.

मी काही न विचारता परत आलो.

२१ फेब्रुवारी, शनिवार

महारुद्रदादा आज कारखान्यावरून परस्पर दुकानात आला. दोन गिऱ्हाइकं बसलेली होती, एक उभं होतं. तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला, अर्धा तास. मग आत येऊन भिंतीवरची चित्रं एकेक बघितली. वाचता येतं त्याला, पण हळू.

म्हणाला, "चाललंय की रे. मी उगं तुझ्या मागं लागलो व्हतो." आणि मग, "ट्रॅक्टरचं डोक्यातून काढून टाक. मी दुसरा बघतो."

नोव्हेंबरपासून मी या वाक्याची वाट बघत होतो. दादासाठी चहा सांगितला. तो गेल्यावर दाराची कडी आतून लावून थोडा वेळ बसलो. बाहेर कोणीतरी दार वाजवत होतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आबांचा तेरावा काल झाला. आज निकिता सासरी परत निघाली होती. गोपाळ तिला बसस्थानकावर सोडून बस कधी आहे ते विचारायला गेला, तेव्हा ती रस्ता ओलांडून दुकानात आली. मुलगी कडेवर होती. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

म्हणाली, "पाणी हाय का? पोरीला पायजे."

तांब्या दिला. मुलगी पाणी प्याली, तिच्या झग्यावर सांडलं, निकिताने ते पदराने टिपलं. मी म्हणालो, "निकिता, मला माहीत नव्हतं की तू..." आणि थांबलो, कारण ते खरं नव्हतं. गोपाळने मला सांगितलं होतं. या वहीत ११ तारखेच्या पानावर मी ते लिहूनही ठेवलं आहे.

ती म्हणाली, "दिराचा फोन आला तवाच समजलं व्हतं मला. आबा बेजार हाय, लवकर ये म्हणले की काय ते समजतंच. लहान हाय का मी?"

"मग?"

"मग काय. समजलं व्हतं, पर कोणी म्हणलं नव्हतं ना. परभणीपस्तोर मी मनातल्या मनात त्याला पाणी पाजवत आले. म्हणलं, गेल्यावर रागावते त्याला, गोळ्या कामून घेत न्हाईस म्हणून. परभणीला बस बदलली, जागा मिळाली, पोरगी झोपली. मग फोन काढला." तिने तांब्या काउंटरवर ठेवला. "पोखर्णी फाट्यापस्तोर जित्ता व्हता रे आबा. अजून दोन तास ऱ्हायला असता."

मी विचारलं, उतरलीस कशाला.

"बस आबाकडं चालली व्हती ना. वाटलं, पोचलेच न्हाई तर."

मुलगी भिंतीवरच्या चित्रांकडे बोट दाखवायला लागली. निकिताने तिचं बोट धरून खाली घेतलं.

"तोंड बघायला मिळालं न्हाई मला. आता डोळे मिटले की तूच केलेलं येतं. गोरं गोरं, बिनदाढीचं. ते शर्ट. आबानं जन्मात कॉलरचं शर्ट घातलं न्हाई, तुला म्हाईत न्हाई का?"

मला माहीत होतं.

"एवढी घाई कामून केलीस, रामप्रसाद?"

ती रागाने म्हणाली असती तर मी सिद्धोधनचं नाव सांगितलं असतं. पण ती खरंच विचारत होती. वर्गात एखादं गणित अडल्यावर विचारायची तसं. गोपाळने बाहेरून हाक मारली, बस लागली म्हणून. ती गेली.

घाई का केली याचं उत्तर मला माहीत आहे. ते सिद्धोधन नाही आणि पाडवाही नाही. ते मी इथे लिहिणार नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आजपासून नियम केला. निधनाचा फोन आला की आधी विचारायचं, लेकी किती, कुठे कुठे दिल्या आहेत, सगळ्या पोचल्या का. पोचल्या असतील तरच टाकायचं.

५ मार्च, गुरुवार

आठवड्यात सहा फोन. चार जणांनी फोन ठेवला. एक म्हणाला, "तू कलेक्टर हायस का चौकशी करायला?" एकाने थांबतो म्हणून सांगितलं आणि दहा मिनिटांत त्याचं चित्र सिद्धोधनच्या पेजवर दिसलं.

सिद्धोधनला फोन केला. सगळं सांगितलं, निकिताचं नाव सोडून. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पटतंय रे मला. माझ्या बहिणीलाबी असंच आणतोत आमी. पर मी थांबलो तर तिसरा टाकील. गंगाखेडात चार पोरं बसलेत टपून." वर म्हणाला, "अन् घरचेच धाडतेत ना. आपण काय कोणाच्या घरात घुसून आणतोत का?"

मी फोन ठेवला.

१० मार्च, मंगळवार

दुकानात दिवसभर एक गिऱ्हाईक. वाढदिवस. पेजला सात हजारांवर लोक आहेत, ते रोज येऊन बघतात की आज कोण गेलं, आणि काही नसलं की जातात.

मावशींना अजून वाचून दाखवतात. आता नवं कोणी लिहीत नाही. शिवकन्या जुनंच पुन्हा वाचते, मावशींना ओळखू येतं की नाही माहीत नाही.

१४ मार्च, शनिवार

सकाळी साडेनऊला योगीराज म्हणून जवळच्याच गावचा माणूस आला. पस्तिशीचा असेल. पहाटे त्याची आई वारली. हातात आईचा फोटो, आधार कार्डावरून मोठा केलेला.

मी विचारलं, बहिणी किती.

"तीन. दोघी आल्यात. तिसरी रस्त्यात हाय, लोह्याकडून येणाऱ्या बसमधी. तिलाच न्यायला आलोय इथं, म्हणलं तवर तुमचं काम उरकावं."

मी म्हणालो, "त्या उतरल्या की लगेच टाकतो. तयार करून ठेवतो."

"माती एकला हाय. मग माणसं कवा येतील?"

"फोन करून कळवा तोवर."

तो म्हणाला, "शंभर जणाला फोन करू का मी? भाऊ, माय मेलीय माझी. एकेकाला किती बारी सांगू ते?"

तो बरोबर होता. मला नोव्हेंबरमधले अहमदपूरचे पाहुणे आठवले, आणि आबांच्या मातीला आलेली माणसं. तरी मी नाही म्हणालो. त्याने भांडण केलं नाही. बाहेरच्या बाकावर जाऊन बसला, एक फोन केला आणि फोटोचा फोटो काढून पाठवला. १०.३५ ला सिद्धोधनच्या पेजवर आलं. आईच्या अंगावर जरीकाठी पातळ होतं आणि हार झेंडूचा होता.

मी माझं चित्र पूर्ण केलं होतं. ते तसंच ठेवलं.

लोह्याकडची बस ११.२० ला लागली. ती उतरली, एक पिशवी खांद्याला, एक हातात. ऊन होतं म्हणून योगीराज तिला माझ्या दुकानाच्या छपराखाली घेऊन आला आणि मोटारसायकल काढायला लागला. मी काउंटरमागे होतो, हातभर अंतरावर.

"कशी हाय माय?" तिने विचारलं.

"बरी हाय जरा. चल."

"सकाळी जेवली का काही?"

"जेवली थोडी. तू चल."

"मऊ भात देत जा म्हणलं व्हतं मी वहिनीला."

"दिला भात."

तिच्या उजव्या हातात मोबाईल होता. त्यावर सिद्धोधनचं चित्र उघडं होतं. योगीराजला ते दिसलं. त्याला दिसलं हे तिलाही दिसलं. त्याने किक मारली, गाडी सुरू झाली नाही, दुसऱ्यांदा मारली. तिने मोबाईल पिशवीत सगळ्यात खाली घातला, वर डबा ठेवला, पिशवीचं तोंड बांधलं आणि त्याच्या मागे बसली. भावाच्या खांद्याला तिने दोन्ही हातांनी धरलं होतं.

ती दोघं गेल्यावर मी महारुद्रदादाला फोन केला. ट्रॅक्टरवर दुसरा माणूस बघितला असेल तर त्याला नाही म्हणून सांग, मी येतो, म्हणालो. मागे कारखान्याच्या भोंग्याचा आवाज येत होता. दादा म्हणाला, "डोक्याला रुमाल आण. इथं सावली न्हाई."